शुगरचं मशीन काय म्हणतंय?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचा दीड वाजलेला, अकोल्याचं ऊन, आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक काका माझ्या मेडिकलच्या पायऱ्या चढून आले. हातात ग्लुकोमीटरची काळी थैली. “ताई, यातला सेल बदलून द्या. मागच्या महिन्यातच टाकला होता, इतक्यात लो झाला.”

मी मशीन सुरू करून पाहिलं. सेल ठणठणीत होता. मेमरी मागे नेली तेव्हा उलगडा झाला. त्या सकाळी सात चाळीसला मशीननं आकडा दिलाच नव्हता, दोन इंग्रजी अक्षरं दिली होती : एल आणि ओ. “हेच म्हणतोय मी,” काका म्हणाले, “लो. बॅटरी लो.”

सकाळी कसं वाटत होतं, असं विचारलं. घाम फुटला होता, हात थरथरत होते. उन्हाळ्यामुळे असेल म्हणून काकांनी कूलर वाढवला. मग सुनेनं साखरेचा चहा आणि पोहे दिले तेव्हा बरं वाटलं. आदल्या रात्री जेवण जवळपास नव्हतंच, गोळी मात्र नेमानं घेतलेली. बॅटरी लो झालेली नव्हती, काकांची साखर लो झालेली होती.

बहुतेक मशीन डेसिलिटरमागे २० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंतची साखर मोजतात, काही १० पासून. त्याखाली गेलं की मशीन आकडा देत नाही, ‘लो’ दाखवतं. ६०० च्या वर गेलं की एच आणि आय, म्हणजे ‘हाय’. हे दोन्ही एरर नाहीत. ते निकाल आहेत, आणि मशीन देऊ शकेल त्यांतले सगळ्यांत गंभीर निकाल आहेत. साखर वीसच्या खाली गेलेला माणूस चालताबोलता कसा राहिला, असं तुम्ही विचाराल. मीही विचार केला. बहुधा काकांनी हात धुतले आणि पुसले नाहीत, त्यामुळे रक्तात पाणी मिसळून आकडा आणखी खाली घसरला. पण साखर कमी होती यात शंका नाही. घाम खोटं बोलत नाही.

तेवीस वर्षं काउंटरवर उभी राहून माझं एक मत झालंय. मशीननं एरर दाखवला की लोक वैतागतात, पण एरर दाखवणारं मशीन प्रामाणिक असतं. ‘मला नीट मोजता आलं नाही, म्हणून मी आकडा देत नाही’, एवढंच ते सांगत असतं. भीती वाटायला हवी ती एकही एरर न दाखवता आलेल्या चुकीच्या आकड्याची. आणि ‘मशीन बिघडलं’ म्हणून जी माझ्याकडे येतात, त्यांतली फार थोडी खरंच बिघडलेली असतात. दोष पट्टीत असतो, रक्ताच्या थेंबात असतो, नाहीतर बोटावर असतो.

आधी माणूस, मग मशीन

एरर आला आणि समोरच्या माणसाला घाम येतोय, हात कापतायत, छातीत धडधडतंय, तो बावचळल्यासारखा किंवा विनाकारण चिडून बोलतोय, तर मशीनशी झटापट करत बसू नका. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी यात दहा मिनिटं सहज जातात. साखर कमी झालीय असं धरून चाला. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. पेढा, चॉकलेट, दूध यांवर भिस्त ठेवू नका, त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश चढते.

इथे एक गोष्ट मी गोळ्या देताना नेहमी सांगते, कारण ती डबीवर ठळक लिहिलेली नसते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर नेहमीची साखर पटकन काम करणार नाही. ही औषधं आतड्यात साखरेचं विघटनच लांबवतात. अशांनी घरात ग्लुकोज पावडरच ठेवायची. आणि ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाची साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखरेचं पाणी नाही, मध नाही. ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा.

‘हाय’ दिसलं तर पहिल्यांदा हात साबणानं धुवा, कोरडे करा, नव्या पट्टीवर पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही हाय आलं तर उद्यावर ढकलू नका, डॉक्टरांशी बोला. सोबत उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी असेल तर थेट दवाखाना गाठा. इन्सुलिन वाढवायचं की नाही हे डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिलं असेल तर ठीक, नाहीतर आपल्या मनानं युनिट वाढवू नका. पाणी मात्र पाजत राहा.

पट्टीच्या पोटात

एरर समजून घ्यायचे तर पट्टीत काय घडतं ते थोडं पाहायला हवं. पट्टीच्या टोकाला केसाएवढी बारीक फट असते. थेंब तिला टेकवला की वातीनं तेल ओढावं तसं रक्त आत ओढलं जातं. आत ग्लुकोजलाच ओळखणारं एन्झाइम असतं. ते ग्लुकोजशी अभिक्रिया करतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि मशीन तो अगदी क्षीण विद्युतप्रवाह मोजतं. साखर जास्त तर प्रवाह जास्त. हे सगळं पाचेक सेकंदांत उरकतं. आकडा मशीनवर दिसत असला तरी खरी परीक्षा पट्टीत होते, मशीन फक्त गुण लिहितं.

एन्झाइमवर आधारलेल्या या इलेक्ट्रोडची कल्पना लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली. त्यानंतर कित्येक वर्षं घरी साखर तपासणं रुग्णाच्या हातात नव्हतं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही इंजिनिअरला असं मशीन हवं होतं, तेव्हा ते फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना विकलं जाई. त्यांची बायको डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर मागवलं. वजन किलोच्या वर! पुढे हे गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात गेले आणि स्वतः डॉक्टर झाले. आज तेच काम करणारं मशीन आपण शर्टाच्या खिशात टाकतो आणि ‘एरर दिला’ म्हणून आदळतो.

आता एररचे नंबर. इथेच लोक फसतात. शेजारणीच्या मशीनवर आलेल्या एररचा उपाय आपल्या मशीनला चालेलच असं नाही, कारण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एका कंपनीच्या मशीनवर तीन नंबरचा एरर म्हणजे ‘मी तयार व्हायच्या आधीच तुम्ही रक्त लावलंत’, तर दुसरीच्या मशीनवर तोच तीन म्हणजे ‘ही पट्टी वापरलेली आहे’. म्हणून मशीनसोबत आलेलं पुस्तक फेकू नका. फेकलंच असेल तर मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साइटवर बघा, बहुतेकांची पुस्तकं तिथे असतात. त्यातल्या एररच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नंबर कोणतेही असोत, त्यांच्या मागची कारणं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

थेंब

सगळ्यांत जास्त येणारा एरर रक्त कमी पडल्याचा. आजच्या पट्ट्यांना लागणारं रक्त असतं अर्धा ते एक मायक्रोलिटर, औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाचा जेमतेम पन्नासावा-शंभरावा भाग. तरीही ते कमी पडतं, कारण लोक थेंब नीट तयार व्हायच्या आत पट्टी टेकवतात. पट्टी अर्धी भरते. मग बोट दाबून आणखी रक्त काढतात आणि त्याच पट्टीला पुन्हा लावतात. काही कंपन्यांच्या पट्ट्या काही सेकंदांत दुसऱ्यांदा रक्त घेऊ देतात, बाकीच्यांची पट्टी वायाच जाते. तुमची कुठल्या प्रकारातली ते पुस्तकात लिहिलेलं असतं.

बोट टोचण्याआधी कोमट पाण्यानं हात धुवा. हात मिनिटभर खाली लोंबत ठेवा, मनगटाकडून बोटाकडे हलका चोळा. टोचायचं बोटाच्या मधोमध नाही, टोकाच्या कडेला. तिथे दुखतं कमी आणि रक्तही बरं येतं. टोचणीच्या पेनवर एक ते पाच असे आकडे असतात. शेतात राबलेल्या हातांना दोन नंबर पुरत नाही, चार लागतो. ज्वारीच्या काढणीनंतर एक आजी यायच्या, त्यांच्या बोटांची कातडी इतकी जाड झालेली असायची की सुई लागायची, रक्त यायचं नाही, आणि मशीन बिचारं पुन्हा पुन्हा एरर द्यायचं. पेन दोन आकडे पुढे केलं, काम झालं.

लिंबू पिळल्यासारखं बोट पिळू नका. पिळल्यानं रक्ताबरोबर पेशींमधलं पाणीही बाहेर येतं आणि आकडा बिघडतो. थेंब ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की पट्टीचं टोक त्याला नुसतं टेकवायचं. वरून रक्त पट्टीवर पसरवायचं नाही, टोक कातडीवर दाबायचंही नाही, नाहीतर फट बंद होते. घरात काही जुन्या मशीनच्या पट्ट्या असतील, त्यांत रक्त वरच्या चौकोनावर लावतात आणि मशीन बदललेला रंग वाचतं. त्यांची रीत वेगळी. तिथे आतली काच मळली किंवा थेट उन्हात तपासलं तरी एरर येतो.

आणखी एक, घाईचा एरर. पट्टी घातल्यावर पडद्यावर थेंबाचं चित्र लुकलुकायला लागतं. ते दिसायच्या आधी रक्त लावलं तर मशीन चुकतं. त्यामुळे पट्टी आधी घाला, चित्राची वाट बघा, मग लावा. पण टोचून ठेवून चष्मा शोधत बसू नका. दोनेक मिनिटं हात लागला नाही तर मशीन आपसूक बंद होतं, आणि तोवर थेंबही सुकतो.

पेनबद्दल एक गोष्ट काउंटरवर बोलायला अवघड जाते, पण बोलते. नवरा-बायकोनं मशीन एक वापरलं तर चालेल, टोचणीचं पेन नाही. रक्तातून पसरणारी कावीळ अशाच वाटेनं जाते. सुईसुद्धा प्रत्येक वेळी नवी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळ्या द्या. कचरा हातानं निवडणाऱ्या बाईला ती सुई टोचते, हे डोळ्यांपुढे ठेवा.

डबी

दुसरा मोठा घोटाळा पट्टीच्या डबीचा. ‘ही पट्टी वापरलेली आहे’ असा एरर नव्या कोऱ्या पट्टीवर येतो तेव्हा लोक मशीनवर चिडतात. पण मशीनचा तर्क बरोबर असतो. रक्त लावण्याआधीच पट्टीतून प्रवाह वाहताना दिसला, तर मशीनला वाटतं इथे काहीतरी आधीच घडलंय. दमट हवा लागलेल्या पट्टीत नेमकं तेच होतं. पट्टी वापरलेली नसते, पण तिच्या आतली रसायनं हवेतलं पाणी पिऊन जागी झालेली असतात. एखाद्या पट्टीवर असं झालं तर टाकून द्या. एकाच डबीतल्या तीन-चार पट्ट्यांवर झालं तर डबीच गेली.

डबीच्या आतल्या भिंतीत किंवा झाकणात ओलावा शोषणारं द्रव्य असतं, म्हणून पट्टी काढली की लगेच झाकण खटकन आवाज येईपर्यंत दाबायचं. पट्ट्या दुसऱ्या डबीत, पर्समधल्या प्लास्टिकच्या पुडीत, कागदात गुंडाळून ठेवायच्या नाहीत. वापरलेली पट्टी परत डबीत टाकायची नाही. काही कंपन्यांच्या पट्ट्या डबी उघडल्यापासून तीनच महिने चालतात, काहींच्या एक्स्पायरीपर्यंत. डबीवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचा आणि उघडल्याची तारीख पेननं डबीवरच टाका. आठवड्यातून एकदा तपासणाऱ्या माणसाला पन्नासची डबी वर्षभर पुरते, आणि स्वस्त पडते म्हणून घेतलेली तीच डबी शेवटी महाग पडते. त्यांनी पंचवीसची घ्यावी.

ठेवायची कुठे? बहुतेक पट्ट्यांना ३० अंशांपर्यंतचं तापमान सोसतं. मे महिन्यात आमच्या विदर्भात घराच्या आतसुद्धा ते सापडत नाही. मग लोक पट्ट्या इन्सुलिनशेजारी फ्रिजमध्ये ठेवतात. इन्सुलिनला फ्रिज हवा, पट्टीला नको. गार डबी बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. माठाजवळचा कोनाडा नको, आणि कूलरच्या तोंडासमोरचं टेबल तर मुळीच नको, कारण कूलर गार हवेबरोबर पाणीही फेकतो. मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा, बाहेरच्या भिंतीला न लागलेला, हे आमच्याकडचं सगळ्यांत बरं ठिकाण. कोकणातल्या लोकांना उन्हापेक्षा पावसाची काळजी. जुलैत मिठाला पाणी सुटतं त्या स्वयंपाकघरात पट्टीची डबी ठेवू नये. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कुठेच आणि कधीच नाही.

मशीनलाही तापमानाच्या मर्यादा असतात, साधारण १० ते ४० अंश, मॉडेलनुसार थोडं खालीवर. त्याबाहेर गेलं की पडद्यावर थर्मामीटरचं चित्र किंवा एक नंबर येतो. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटेही तो येऊ शकतो. मशीन उन्हात तापवू नका की फ्रिजमध्ये गार करू नका. मशीन आणि डबी दोन्ही खोलीत अर्धा तास राहू द्या. केदारनाथला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ते देऊळ साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे आणि काही मशीनना सुमारे तीन हजार मीटरपर्यंतचीच परवानगी असते. निघण्याआधी पुस्तकात बघा.

‘कोड’ मागणारी मशीन आता कमी झालीत, पण घरात असतात. डबीवरचा कोड आणि पडद्यावरचा कोड एकच हवा. डबीसोबत चिप आली असेल तर ती बदलायला विसरू नका. त्याच कंपनीची पण दुसऱ्या मॉडेलची पट्टी आणणं हा त्याचाच भाऊ. दिसायला सारखी, बसतेही, आणि एरर येतो. दुकानात येताना रिकामी डबी घेऊन या, तोंडी नाव सांगू नका. पट्टी उलटी घातली, पूर्ण आत सरकवली नाही, हे तर रोजचंच. मशीनच्या तोंडात रक्त सुकलेलं असेल तर स्पिरिटचा बोळा आत कोंबू नका, बाहेरून किंचित ओलसर फडक्यानं पुसा.

एरर नाही, पण आकडा चुकीचा

गेल्या वर्षी आमच्याच घरी. सासूबाई रसासाठी आंबे पिळत होत्या, मध्येच आठवलं म्हणून पदराला हात पुसून त्यांनी साखर तपासली. २४१. त्यांचा चेहरा उतरला, रस चाखलाही नव्हता! मी त्यांना मोरीत नेलं, साबणानं हात धुववले, दुसरं बोट टोचलं. १३८. मशीननं दोन्ही वेळा बरोबर मोजलं होतं. पहिल्यांदा रक्तात आंबाही मोजला, एवढंच. २०११ साली जपानमधल्या डॉक्टरांनी निरोगी माणसांना संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला लावून हेच तपासलं. फळ सोललेल्या बोटावरचा आकडा भलताच वाढतो, आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसूनही तो खाली येत नाही, वाहत्या पाण्यानंच येतो, असं त्यांना आढळलं. तेव्हा स्पिरिटवर विसंबू नका. पाणी नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसानं टिपून दुसरा वापरा.

रक्त पातळ असलेल्यांचा, म्हणजे हिमोग्लोबिन बरंच कमी असलेल्यांचा आकडा मशीनवर खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं काही नवीन नाही, त्यामुळे हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि पोटातून डायलिसिस करणाऱ्यांनी तर मशीन विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या डायलिसिसच्या एका द्रावणात आयकोडेक्स्ट्रिन असतं, त्यातून शरीरात माल्टोज तयार होतं, आणि एका विशिष्ट एन्झाइमच्या पट्ट्या त्यालाही ग्लुकोजच समजतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या आकड्यांशी जोडलेले तेरा मृत्यू त्यांच्या नोंदीत होते. आकडा जास्त दिसला, इन्सुलिन दिलं, आणि खरी साखर कधीच खाली गेलेली होती.

परदेशातल्या मुलानं पाठवलेलं मशीन हा वेगळाच किस्सा. लंडन, टोरांटो, सिडनीहून आलेल्या मशीनवर साखर मिलिमोलमध्ये दिसते. एक आजोबा ७.८ पाहून घाबरून आले होते, ‘साखर आठवर आली!’ त्याला १८ नं गुणायचं, म्हणजे १४० झाले. अशा मशीनचं एकक बहुधा बदलता येत नाही आणि त्याच्या पट्ट्याही इथे मिळतीलच असं नाही. मुलाला सांगा, पैसे पाठव, मशीन इथलं घेऊ.

लॅबशी तुलना

‘लॅबमध्ये १७२ आली, घरी १९०. मशीन खोटं.’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. घरगुती मशीनसाठी २०१३ पासूनचं आंतरराष्ट्रीय मानक असं आहे की शंभरातल्या पंचाण्णव तपासण्या खऱ्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत यायला हव्यात, आणि साखर १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर २०० असताना मशीननं १७० किंवा २३० दाखवलं तरी ते नापास नाही. पाठोपाठ दोनदा तपासून दोन आकडे आले म्हणूनही घाबरायचं कारण नाही.

तुलना करायचीच असेल तर मशीन लॅबमध्ये घेऊन जा. उपाशीपोटी, शिरेतून रक्त काढल्यावर लगेच तिथेच बोट टोचा. जेवणानंतर तुलना करू नका, कारण तेव्हा बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर जास्तच असते. लॅबही नेहमीच बरोबर असते असं नाही. साखर टिकवणारं द्रव्य नसलेल्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर रक्तपेशी त्यातली साखर खात बसतात, तासाला साधारण पाच ते सात टक्के. गावातून सकाळी गोळा करून दुपारी शहरात पोचलेल्या नमुन्याचं काय होत असेल, हिशेब करा.

मशीन तपासायची खरी रीत म्हणजे कंट्रोल सोल्यूशन. ठरावीक ग्लुकोज असलेल्या या द्रावणाचा थेंब रक्ताच्या जागी पट्टीला लावायचा आणि येणारा आकडा पट्टीच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहायचं. बसला तर मशीन आणि पट्टी दोन्ही ठीक, चूक आपल्या हाताची. आमच्यासारख्या दुकानांत ते नेहमी नसतं, मागवावं लागतं, आणि दुर्दैवानं मागणारेही फार नाहीत. एका पोरानं कंट्रोलच्या जागी घरी साखरेचं पाणी करून लावलं आणि मशीननं लो दाखवलं म्हणून भांडायला आला. वाण्याकडची साखर म्हणजे सुक्रोज. पट्टीतलं एन्झाइम तिला ओळखतच नाही.

नवी डबी, धुतलेले हात, पुरेसा थेंब, नवा सेल, आणि तरीही तोच एरर तीनदा आला तर मशीन बिघडलंय असं म्हणायला हरकत नाही. मग कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. त्याआधी मशीनच्या मागचा सिरियल नंबर, पट्टीच्या डबीवरचा लॉट नंबर आणि एररची नेमकी अक्षरं कागदावर लिहून घ्या, पडद्याचा फोटो काढा. एका कंपनीच्या फोनवर मला पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं होतं आणि शेवटी लॉट नंबर विचारला. डबी मी तासाभरापूर्वी कचऱ्यात टाकली होती.

राहिला सेल. तो खरंच उतरला असेल तर पडद्यावर अक्षरं नाही, सेलचं चित्र येतं. काही मशीन एका सेलवर चालतात, काहींना दोन लागतात, आणि दोन लागत असतील तर दोन्ही एकदम बदला. बदलल्यावर तारीख-वेळ पुन्हा लावा, नाहीतर सकाळची उपाशीपोटीची नोंद मध्यरात्रीची दिसते आणि डॉक्टर भलताच अर्थ लावतात. काढलेला गोल सेल खिडकीत ठेवू नका. तो उतरलेला वाटला तरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जखम करण्याइतका जोर त्यात उरलेला असतो. टेपमध्ये गुंडाळून नातवंडांच्या हाताबाहेर ठेवा, आणि पोरानं गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या.